जिल्ह्यांची नावे, राजधानीचे मैदान

इंडियन प्रीमियर लीग म्हणजेच आयपीएल ही भारतीय व्यावसायिक क्रिकेटमधील सर्वांत वरची पायरी मानली, तर तिच्या खाली राज्य संघटनांनी चालवलेल्या ट्वेन्टी-२० लीगची दुसरी पायरी गेल्या दीड दशकात उभी राहिली असून, तिच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक बंगळूरमध्ये घडला. कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेने २००९ मध्ये सुरू केलेली कर्नाटक प्रीमियर लीग, म्हणजे केपीएल, आणि तिच्या जागी २०२२ पासून खेळवली जाणारी महाराजा ट्रॉफी यांचा मिळून इतिहास अजून वीस वर्षांचाही नाही. तरीही उत्साह, खंड, गैरव्यवहार, पुनरुज्जीवन आणि स्थलांतर अशी सगळी वळणे त्यात येऊन गेली आहेत. मराठी वाचकाला या इतिहासात विशेष रस वाटावा याचे एक कारण असे, की केपीएलच्या संघांत बेळगाव आणि विजापूर ही दोन नावे होती, बेळगावच्या संघाने एकदा आणि विजापूरच्या संघाने दोनदा जेतेपद मिळवले, आणि आजच्या स्पर्धेत या दोन्ही नावांचे संघ नाहीत. जेतेपद मिळवूनही एखाद्या शहराचे नाव स्पर्धेतून सहज पुसले जाते, याचा उलगडा मैदानावरच्या कामगिरीत होत नाही, तो लीगच्या रचनेत शोधावा लागतो.

'दुय्यम लीग' ही कल्पना सर्वाधिक तपशीलवार रीतीने अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये विकसित झाली असल्याने, तुलनेसाठी तिचा थोडक्यात परिचय आवश्यक ठरतो. १९०१ मध्ये शिकागो येथे लहान शहरांतील बेसबॉल लीगनी एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली, तेव्हा त्यांचा मुख्य हेतू मोठ्या लीगच्या संघांनी आपले खेळाडू मनमानीने पळवू नयेत हा होता. म्हणजे गावोगावचे संघ आधी होते, त्यांचे मालक, मैदाने आणि तिकिटे काढून येणारे प्रेक्षक त्यांच्या गावचेच होते, आणि वरच्या पायरीशी त्यांचे नाते प्रथम कराराचे होते. पुढे सेंट लुइस कार्डिनल्स या संघाचा कारभारी ब्रँच रिकी याने १९२० च्या दशकात वेगळा मार्ग काढला. महागडे तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा लहान गावांतील संघच ताब्यात घ्यावेत, तेथे तरुणांना वर्षानुवर्षे घडवावे आणि निवडक खेळाडू वर आणावेत, या त्याच्या योजनेला 'फार्म' पद्धत असे नाव पडले. १९४९ मध्ये अशा ५९ लीग चालू होत्या आणि त्यांच्या सामन्यांना वर्षभरात सुमारे चार कोटी प्रेक्षकांची हजेरी लागली. त्यानंतर दूरचित्रवाणीने मोठ्या लीगचे सामने घरात आणून सोडले आणि शेकडो गावांतील संघ बंद पडले. २०२१ मध्ये तर मोठ्या लीगने ही सगळी व्यवस्था स्वतःच्या हाती घेऊन संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. स्वायत्त गावसंघांपासून मध्यवर्ती नियंत्रणापर्यंतचा हा प्रवास पूर्ण व्हायला अमेरिकेत १२० वर्षे लागली. कर्नाटकात मात्र लीगची सुरुवातच मध्यवर्ती नियंत्रणापासून झाली.

या फरकाचे मूळ समजण्यासाठी फ्रँचायझी पद्धत येण्यापूर्वी तेथील क्रिकेट कसे चालत होते, हे पाहिले पाहिजे. म्हैसूर राज्य क्रिकेट संघटनेची स्थापना १९३३ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी रणजी करंडकाचा पहिला सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर मद्रास आणि म्हैसूर या संघांत खेळला गेला, जो एकाच दिवसात म्हैसूरच्या पराभवाने संपला. संघटनेचे नाव म्हैसूरचे असले, तरी प्रत्यक्ष क्रिकेट वाढले ते बंगळूरच्या क्लबांमधून. लष्करी छावणीचा भाग आणि जुन्या पेठांचा भाग अशा दोन वस्त्यांत विभागलेल्या या शहरात मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर अशा वसाहतींतून क्लब निघाले; सिटी क्रिकेटर्स, स्वस्तिक युनियन, फ्रेंड्स युनियन, जवान्स, व्हल्चर्स, बंगलोर युनायटेड ही नावे शहराच्या क्रिकेटशी निगडित झाली. संघटनेच्या लीगमध्ये हे क्लब वेगवेगळ्या विभागांत, म्हणजे 'डिव्हिजन'मध्ये, वाटलेले असत आणि मोसमाअखेरीस वरच्या विभागातील तळाचे संघ खाली जात, तर खालच्या विभागातील अव्वल संघ वर येत. लंडन किंवा मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये दिसणारी ही चढउताराची व्यवस्था आजही चालू आहे, आणि कोणत्या संघाने कोठे खेळावे हे त्यात पैशापेक्षा गुणतक्त्यावर ठरते.

या लीगमधील बरेच सामने दीर्घकाळ मॅटिंगवर होत. मॅटिंग म्हणजे तासून सपाट केलेल्या लाल मातीच्या खेळपट्टीवर अंथरलेली काथ्याची जाड चटई. ती कडेने खिळे ठोकून ताणून बसवावी लागे आणि ती किती ताणली आहे यावर चेंडूची उसळी अवलंबून असे. हिरवळीची खेळपट्टी राखायला लागणारा माळी, पाणी आणि रोलर यांचा खर्च क्लबांना परवडणारा नव्हता, म्हणून चटई आली. पण तिच्यावर चेंडू झपकन वळे आणि उसळे, त्यामुळे फिरकी गोलंदाजांना तिने मोठा हात दिला. एरापल्ली प्रसन्ना आणि भागवत चंद्रशेखर हे जगप्रसिद्ध फिरकीपटू बंगळूरच्या याच वातावरणात वाढले. पुढच्या पिढीत अनिल कुंबळे यंग क्रिकेटर्सकडून, तर राहुल द्रविड बंगलोर युनायटेडकडून खेळत मोठे झाले. क्लबांच्या जोडीला कार्यालयांचे संघ होते. स्टेट बँक, कॅनरा बँक, सिंडिकेट बँक, विजया बँक यांसारख्या बँका आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्तान एरोनॉटिक्स यांसारखे सार्वजनिक उद्योग खेळाडूंना नोकरी देत; सकाळी सराव, दुपारी कार्यालयात हजेरी आणि आठवड्याअखेरीस सामना अशा दिनक्रमावर अनेक रणजीपटूंचा संसार चालला. व्यावसायिक लीग नसतानाही खेळाडूचे पोट भरण्याची सोय या नोकऱ्यांनी केली होती, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेले बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि त्याच्या पाठोपाठच्या १९७३-७४ च्या मोसमात कर्नाटकाने बंगळूरच्या नव्या स्टेडियमवर उपान्त्य सामन्यात मुंबईला पहिल्या डावातील आघाडीवर रोखून, सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकणाऱ्या त्या संघाची मालिका खंडित केली. अंतिम सामन्यात राजस्थानला हरवून प्रसन्नाच्या नेतृत्वाखाली कर्नाटकाने करंडकही जिंकला. हे स्टेडियम पुढे संघटनेचे दीर्घकालीन सूत्रधार एम. चिन्नस्वामी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. यश आणि मैदान दोन्ही राजधानीत एकवटल्याने उत्तरेकडील जिल्ह्यांचे अंतर मात्र कमी झाले नाही. संघटनेने राज्याचे म्हैसूर, मंगळूर, शिमोगा, तुमकूर, धारवाड, रायचूर असे विभाग पाडले, त्यांच्या आंतरविभागीय स्पर्धा भरवल्या, पण विभागात चमकलेल्या मुलाला पुढे जायचे तर बंगळूरचा क्लब गाठावा लागे, आणि क्लब मिळाला तरी राहण्या-जेवणाचा प्रश्न उरेच. गदगचा सुनील जोशी हा पुढे भारताकडून कसोटी खेळलेला डावखुरा फिरकीपटू शाळकरी वयात रोज पहाटे सुमारे साठ किलोमीटर प्रवास करून हुबळीला सरावासाठी जात असे आणि शाळेच्या वेळेला परत गदगला पोहोचत असे. गदगहून हुबळीचा सराव गाठायलाच जर एवढी यातायात होती, तर बंगळूर किती दूर असेल हे वेगळे सांगायला नको. दावणगेरेचा वेगवान गोलंदाज विनय कुमार याने हे अंतर पार केले आणि २०१३-१४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली कर्नाटकाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक जिंकला. पण अशी उदाहरणे नियम म्हणून न सांगता अपवाद म्हणूनच सांगितली जात.

अशा पार्श्वभूमीवर २००८ मध्ये आयपीएल अवतरली आणि दुसऱ्याच वर्षी, म्हैसूरच्या राजघराण्याचे श्रीकंठदत्त नरसिंहराज वाडियार संघटनेचे अध्यक्ष असताना, केपीएल सुरू झाली. तिचा साचा सरळ आयपीएलचा होता. फ्रँचायझी म्हणजे एखाद्या शहराच्या नावाने संघ चालवण्याचा ठरावीक मुदतीचा हक्क. तो संघटना उद्योजकाला विकते, उद्योजक खेळाडूंची बोली लावतो, जाहिरातदार गाठतो आणि नफा-तोटा सोसतो. मात्र लीगचे वेळापत्रक, पंच, मैदान, प्रक्षेपणाचा करार आणि खेळाडूंची पात्रता या सगळ्या गोष्टी संघटनेच्याच हाती राहतात. राज्य संघटनेकडे नोंदलेल्या खेळाडूंनाच बोलीत स्थान मिळते, त्यामुळे परराज्यातील नामवंत आणून गर्दी खेचण्याची सोय नसते. बेळगाव पँथर्स, विजापूर बुल्स, दावणगेरे डायमंड्स, मंगळूर युनायटेड अशी जिल्ह्याजिल्ह्यांची नावे घेतलेले संघ मैदानात उतरले. पण खेळाडूंची वाटणी बोलीने होत असल्यामुळे बेळगावच्या संघात बेळगावचे किती आणि विजापूरच्या संघात विजापूरचे किती, याला काही अर्थ उरला नाही. पहिले जेतेपद २००९ मध्ये प्रॉव्हिडंट बंगलोर या संघाने आणि दुसरे २०१० मध्ये मंगळूर युनायटेडने मिळवले. २०१० च्या अखेरीस संघटनेची सूत्रे अनिल कुंबळे आणि जवागल श्रीनाथ या माजी खेळाडूंच्या हाती आली, आणि त्यांच्या कारकिर्दीत केपीएल भरली नाही. स्पर्धेचे वय अवघे दोन मोसमांचे असताना तिच्यात तीन वर्षांचा खंड पडला, तरी राज्याचे क्रिकेट थांबले नाही. क्लबांची लीग, विभागीय स्पर्धा आणि वयोगटांचे सामने नेहमीप्रमाणे चालू राहिले.

२०१४ मध्ये केपीएल पुन्हा सुरू झाली, तेव्हा संघांची यादी बरीच बदललेली होती. हुबळी टायगर्स, बेल्लारी टस्कर्स, म्हैसूर वॉरियर्स हे संघ आता मैदानात होते. काही काळ कन्नड चित्रपटसृष्टीतील कलाकारांचाही एक संघ अभिनेता सुदीप याच्या नेतृत्वाखाली खेळला, यावरून करमणूक आणि क्रिकेट यांची सांगड घालण्याचा संयोजकांचा प्रयत्न दिसतो. म्हैसूर वॉरियर्सची मालकी म्हैसूरच्याच, अगरबत्तीच्या व्यवसायाने नावारूपाला आलेल्या एन. आर. समूहाकडे होती, आणि शहर व मालक यांचे नाते जुळण्याचे हे ठळक उदाहरण होते. २०१४ ते २०१९ या काळात जेतेपद अनुक्रमे म्हैसूर, विजापूर, बेल्लारी, बेळगाव, विजापूर आणि हुबळी यांच्या संघांकडे गेले. सहा मोसमांत पाच वेगवेगळ्या शहरांची नावे करंडकावर कोरली गेली आणि राजधानीचे नाव त्यात एकदाही आले नाही. वरवर पाहता सत्तेचे विकेंद्रीकरण याहून चांगले कसे असू शकते, असे कोणालाही वाटावे.

या काळात लीगचा खरा उपयोग कोणता, हे एका प्रसंगाने दाखवून दिले. कोडगूचा फिरकी गोलंदाज के. सी. करिअप्पा २०१४ मध्ये विजापूर बुल्सकडून खेळला, तेव्हा त्याने राज्याकडून एकही प्रथम श्रेणीचा सामना खेळलेला नव्हता. आयपीएलच्या संघांचे निरीक्षक सामने पाहायला येत होते, आणि २०१५ च्या लिलावात दहा लाख रुपये पायाभूत किंमत असलेल्या या गोलंदाजासाठी कोलकाता नाइट रायडर्सने दोन कोटी चाळीस लाख रुपये मोजले. क्लबच्या लीगमधून विभागात, विभागातून वयोगटाच्या राज्य संघात, तेथून रणजीत आणि मग पुढे, अशी जी वाट पूर्वी आठ-दहा वर्षांची होती, ती दोन आठवड्यांच्या स्पर्धेने ओलांडता येते हे यातून सिद्ध झाले. अमेरिकेच्या फार्म पद्धतीशी असलेला फरकही येथेच उघड होतो. तेथे वरचा संघ खालच्या संघातील तरुणाला वर्षानुवर्षे पगार देऊन घडवतो. येथे वरचा संघ कोणालाही घडवत नाही, तो फक्त निवडतो. खेळाडू घडवण्याचे काम जुन्या क्लबांकडे, शाळांकडे आणि प्रशिक्षकांकडेच राहिले, आणि त्या कामाच्या खर्चाचा बोजा उचलण्याची जबाबदारी लीगच्या रचनेत कोणत्याही फ्रँचायझीवर टाकलेली नव्हती.

राजधानीबाहेर सामने नेण्याचा प्रयत्न २०१७ च्या मोसमात चांगला झाला. बंगळूर आणि म्हैसूरबरोबर हुबळीच्या राजनगर येथील मैदानावर सामने झाले आणि अंतिम सामनाही तेथेच होऊन बेळगाव पँथर्सने विजापूर बुल्सला हरवले. उत्तर कर्नाटकातील दोन शहरांच्या नावाचे संघ उत्तर कर्नाटकातल्याच मैदानावर जेतेपदासाठी झुंजले, हा या लीगच्या इतिहासातील असा क्षण, की ज्यात नकाशा आणि गुणफलक एकमेकांशी जुळले. खुद्द बेळगावात मात्र लीगचे सामने रुजले नाहीत, आणि तेथे चांगल्या मैदानाचा अभाव होता असेही म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये संघटनेच्या बेळगावच्या मैदानावर कर्नाटक आणि मुंबई यांच्यात रणजीचा सामना झाला, ज्यात बेळगावचाच वेगवान गोलंदाज रोनित मोरे याने मुंबईच्या पहिल्या डावात पाच बळी घेतले. २०१९ च्या उन्हाळ्यात भारत अ आणि श्रीलंका अ यांच्या सामन्यांनाही या शहराने यजमानपद दिले, आणि त्यांतील एका एकदिवसीय सामन्यात महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने नाबाद १८७ धावा केल्या. म्हणजे राष्ट्रीय पातळीच्या सामन्यांना चालणारे शहर स्वतःच्या नावाच्या संघाला मात्र घर म्हणून मिळाले नाही.

२०१९ चा मोसम लीगच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहिला. २३ ऑगस्ट २०१९ रोजी बेल्लारी टस्कर्सच्या कृष्णप्पा गौतमने शिमोग्याच्या संघाविरुद्ध ५६ चेंडूंत नाबाद १३४ धावा केल्या आणि त्यानंतर चार षटकांत १५ धावा देऊन आठ गडी बाद केले. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये कॉलिन अ‍ॅकरमन याने १८ धावांत घेतलेले सात बळी ट्वेन्टी-२० मधील विश्वविक्रम म्हणून नोंदले गेले होते; गौतमची कामगिरी त्याहून सरस असूनही विक्रमांच्या वहीत तिला जागा मिळाली नाही, कारण राज्यांच्या लीगमधील सामन्यांना अधिकृत ट्वेन्टी-२० सामन्याचा दर्जाच नाही. दुय्यम लीगचे दुय्यमपण नेमके कोठे असते हे या नोंदीवरून कळते: चेंडू, पंच, प्रकाशझोत आणि प्रक्षेपण सगळे खरे असते, पण धावा आणि बळी खेळाडूच्या कारकिर्दीच्या हिशेबात धरले जात नाहीत.

त्या मोसमानंतर काही आठवड्यांतच बंगळूर पोलिसांनी सट्टेबाजी आणि सामनानिश्चितीच्या आरोपावरून धरपकड सुरू केली, ज्यात एका संघाचा मालक आणि राज्याकडून खेळलेले काही खेळाडूही होते. अशा लीग या रोगाला लवकर बळी का पडतात, याची कारणे त्यांच्या रचनेतच आहेत. सामने दूरचित्रवाणीवर दिसत असल्याने त्यांवर दूरदूरहून सट्टा लावता येतो. खेळाडूंना मिळणारे मानधन मात्र आयपीएलच्या तुलनेत नगण्य असते. संघाच्या मालकाला तिकीटविक्री किंवा प्रक्षेपणातून गुंतवणूक वसूल होण्याची खात्री नसते. आणि लक्ष ठेवणारी यंत्रणा वरच्या पायरीइतकी कडक नसते. जेव्हा पाहणारे कमी आणि पैज लावणारे जास्त, अशी स्थिती येते, तेव्हा प्रामाणिकपणा टिकवण्याची सारी भिस्त व्यक्तीच्या सचोटीवर येऊन पडते. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने या प्रकरणातील आरोपींवरचे फसवणुकीचे खटले रद्द केले. सामनानिश्चितीतून अप्रामाणिकपणा दिसत असला, तरी भारतीय दंड संहितेतील फसवणुकीच्या व्याख्येत ती बसत नाही, प्रेक्षक तिकीट स्वेच्छेने घेतात, आणि कारवाईचा अधिकार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. भारतात सामनानिश्चितीसाठी स्वतंत्र कायदा नसल्याचे या निकालाने पुन्हा अधोरेखित केले. लीगची विश्वासार्हता तर आधीच ढासळली होती. त्यात कोविडची साथ आली आणि केपीएल हे नाव इतिहासजमा झाले.

ऑगस्ट २०२२ मध्ये संघटनेने महाराजा ट्रॉफी या नावाने नवी स्पर्धा सुरू केली. डिसेंबर २०१३ मध्ये, संघटनेचे अध्यक्षपद पुन्हा मिळाल्यावर अवघ्या काही दिवसांत निधन पावलेल्या श्रीकंठदत्त वाडियार यांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले. संघांची संख्या सहा झाली: बेंगळुरू ब्लास्टर्स, म्हैसूर वॉरियर्स, हुबळी टायगर्स, मंगळूर, शिमोगा आणि गुलबर्गा. बेळगाव, विजापूर आणि बेल्लारी ही जेतेपद मिळवलेली तीन नावे वगळली गेली. पहिल्या मोसमात खेळाडूंची वाटणी बोलीऐवजी ड्राफ्टने झाली. ड्राफ्ट म्हणजे खेळाडूंचे गट पाडून प्रत्येक संघाने पाळीपाळीने एकेकाची निवड करण्याची पद्धत, ज्यात पैशाची चढाओढ नसते. मात्र पुढच्याच वर्षी लिलाव परत आला. २०२२ चे जेतेपद गुलबर्ग्याच्या, २०२३ चे हुबळीच्या, २०२४ चे म्हैसूरच्या आणि २०२५ चे मंगळूरच्या संघाने मिळवले. ऑगस्ट २०२४ मध्ये बंगळूर आणि हुबळी यांच्यातील सामना १६४ धावांवर बरोबरीत सुटला, त्यानंतरच्या पहिल्या दोन सुपर ओव्हर, म्हणजे निकालासाठी टाकली जाणारी एकेक जादा षटके, त्याही बरोबरीत संपल्या आणि तिसऱ्या सुपर ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर हुबळीने विजय मिळवला. त्याच मोसमात शिमोग्याच्या अभिनव मनोहरने ५२ षटकारांसह ५०७ धावा केल्या आणि वर्षाअखेरीच्या आयपीएल लिलावात सनरायझर्स हैदराबादने त्याच्यासाठी तीन कोटी वीस लाख रुपये मोजले. निवडीची खिडकी म्हणून ही लीग पूर्वीइतकीच उपयोगी राहिली, याचे हे द्योतक.

स्थळाच्या बाबतीत मात्र विस्ताराऐवजी आकुंचन झाले. पहिल्या मोसमाचे सामने म्हैसूर आणि बंगळूर येथे झाले, तर २०२३ आणि २०२४ चे दोन्ही मोसम संपूर्णपणे चिन्नस्वामी स्टेडियमवर पार पडले; सहा जिल्ह्यांची नावे धारण करणारे संघ एकाच शहराच्या एकाच मैदानावर खेळत राहिले. त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. प्रक्षेपणाची सामग्री एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवणे खर्चिक असते, ऑगस्टमधल्या पावसात पाणी झटपट शोषून घेणारी चिन्नस्वामी स्टेडियमची भूमिगत निचरा व्यवस्था राज्यात इतरत्र नाही, आणि मोसमी वेळापत्रकात प्रवासाला सवड नसते. परंतु ४ जून २०२५ रोजी आयपीएलच्या विजयोत्सवाच्या वेळी याच स्टेडियमबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा मृत्यू झाला, स्टेडियमच्या वापरावर प्रश्नचिन्ह लागले आणि त्या वर्षीची महाराजा ट्रॉफी म्हैसूरला हलवावी लागली. सगळी लीग एकाच मैदानावर विसंबण्यातला धोका या दुर्घटनेने निराळ्याच बाजूने दाखवून दिला.

हा प्रश्न कर्नाटकापुरता नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुणे, कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरी यांच्या नावाचे संघ उतरले, पहिली दोन जेतेपदे रत्नागिरी जेट्सने पटकावली, आणि ती दोन्ही पुण्याजवळच्या गहुंजे येथील स्टेडियमवर. तेथेही नाशिकच्या संघाकडून ५४ चेंडूंत ११७ धावा करणारा अर्शीन कुलकर्णी त्याच वर्षी आयपीएलमध्ये पोहोचला, म्हणजे खिडकीचे काम चोख झाले. पण रत्नागिरीच्या प्रेक्षकाला आपला विजेता संघ आपल्या गावी खेळताना पाहता आला नाही. याउलट तमिळनाडू प्रीमियर लीगने २०१६ पासून चेन्नईबाहेर दिंडिगुल, तिरुनेलवेली, सेलम, कोइम्बतूर येथे सामने नेले आणि एकाच मोसमात तीन-चार शहरांत फिरणारी लीग चालवता येते हे दाखवले.

अमेरिकेच्या लहान गावांतील संघांचे सातत्य त्यांच्या जेतेपदांवर टिकले नाही. गावाशी जोडलेल्या मैदानावर, उन्हाळ्याच्या संध्याकाळी सहकुटुंब येणाऱ्या प्रेक्षकांवर आणि स्थानिक व्यापाऱ्यांच्या जाहिरातींवर ते टिकले, आणि २०२१ मध्ये ज्या गावांची संलग्नता गेली त्यांतील कित्येकांनी स्वतंत्रपणे आपला संघ चालूच ठेवला. बेळगाव पँथर्स बंद झाले तेव्हा बेळगावात असे काही करायला कोणी पुढे येण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण संघाचे कार्यालय, खेळाडू, सामने आणि हिशेब यांपैकी काहीच बेळगावात नव्हते. बेळगाव, हुबळी, शिमोगा आणि म्हैसूर येथे संघटनेची स्वतःची मैदाने आहेत, विभागीय क्रिकेटची चौकट दीर्घकाळापासून उभी आहे, आणि खेळाडू पुरवणाऱ्या क्लबांची परंपरा त्याहून जुनी आहे. प्रत्येक संघाने आपल्या विभागातून ठरावीक संख्येने खेळाडू घेणे, त्या विभागातील प्रशिक्षणाचा काही खर्च उचलणे आणि मोसमातले निदान दोन सामने स्वतःच्या शहरात खेळणे, एवढी अट घातली तरी लीगचा खर्च थोडा वाढेल, पण संघाच्या नावात आणि शहरात एक खरा संबंध तयार होईल. तोपर्यंत राज्यांच्या या लीग वरच्या पायरीसाठी खेळाडू हेरण्याचे उत्तम साधन राहतील, आणि ज्यांची नावे त्या वापरतात ती शहरे या स्पर्धेत पाहुण्यांसारखीच येतील-जातील.